लाडवाच्या डब्याचं सायलेन्सर

तव्यावरची भाकरी मी कधी उलथण्याने उलटली नाही. कडेला बोटं घालायची, उचलायची, पालथी टाकायची. नंतर जाळावर धरायची तीही बोटांनीच. माझी नात हे बघते तेव्हा स्वतःचे हात पाठीमागे घेते. तिला वाटतं आजीच्या अंगात काहीतरी शक्ती आहे. मी तिला तसं वाटू देते, या वयात कोणाला आपल्याबद्दल काही वाटलं तर ते मोडू नये. पण खरं सांगायचं तर या शक्तीपायी मी एकदा नवऱ्याचा पाय घालवायला निघाले होते.

तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते. आता सहासष्टाव्या वर्षी त्या बाईकडे लांबून बघते, तर तिला दोन फटके द्यावेसे वाटतात. तिला सगळं येत होतं. कोणाला काही विचारायची तिला गरजच पडायची नाही.

आमचे हे फिटर होते. भांडुपच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली आणि रिटायर व्हायला थोडी वर्षं राहिली असताना शिडीवरून पडले. मणक्याला मार बसला. डावा पाय दोन महिन्यांत वळणावर आला. उजवा गुडघ्याखाली मेला तो मेलाच. दिसायला धडधाकट, नखं वाढायची, डाससुद्धा चावायचे. फक्त त्याला काही कळायचं नाही. टाचणी टोचा, बर्फ ठेवा, हे आपले विचारणार, "लावलंस का?"

आमची बैठी चाळ टेकडीच्या पायथ्याला. रिक्षा चढावर यायला कुरकुर करायची आणि कुबड्या घेऊन तो चढ उतरणं म्हणजे अर्धा दिवस. म्हणून आम्ही बाजूला दोन जास्तीची चाकं लावलेली जुनी स्कूटर घेतली. ती आली आणि घरात माणूस परत आला. सकाळी उठून कपडे करायचे, भाजी आणायची, कोणाचं लाइटबिल भर, कोणाला स्टेशनवर सोड. मला न विचारता मुलुंडपर्यंत जाऊन यायचे आणि वर सांगायचे, उगाच गेलो होतो. ते 'उगाच' ऐकून मला किती बरं वाटायचं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. उलट पेट्रोलवरून बोलायची.

पाचव्या महिन्यात पाय भाजला. उजवा पाय पायदानावर ठेवलेला असायचा, पण खड्ड्यात गाडी आपटली की घसरून मागे जायचा आणि सायलेन्सरला टेकायचा. यांना ते कळणार कसं? घरी येऊन मोजा काढायला गेले तर मोजा निघेना. मी ओढला. मोज्याबरोबर काय आलं ते लिहीत नाही.

पाय पट्ट्याने बांधून बघितला. संध्याकाळी पाऊल सुजून निळं. शिवाय हे म्हणाले, गाडी कलंडली तर मी पोत्यासारखा तिच्याखालीच राहीन. मग आमच्या या बाईंनी, म्हणजे मीच, डोकं चालवलं. इस्त्रीच्या टेबलावरचं जाड कापड घेतलं, सायलेन्सरभोवती गुंडाळलं, वरून तेलाच्या डब्याचा पत्रा आवळून तारेने बांधला. गाडी वीस मिनिटं चालू ठेवली आणि हात लावून बघितला.

कोमट लागला.

कोणता हात लावला? हाच, चाळीस वर्षं तव्यावर भाकऱ्या उलटलेला. कढईचा कान फडक्याशिवाय धरणारा. त्याला जे कोमट लागलं त्याने एखाद्या कारकुनाला उडी मारायला लावलं असतं. पण त्या बाईला ते सुचलं नाही. आणि आणखी एक, जे मला कबूल करायला बरीच वर्षं लागली: तिला कोमटच हवं होतं. चार महिने हे घरात बसून जखम सुकवत होते आणि तिला ते बघवत नव्हतं. तिने आतूनच ओरडून सांगितलं, "काही तापत नाही, खुशाल जा."

हे खुशाल गेले. पवईला कोणाला तरी भेटायला गेले. दीड तासाने परत आले तेव्हा पायजम्याची कड पत्र्याला चिकटून फाटली होती आणि पोटरीवर तळहाताएवढी जागा पांढरी पडली होती. लाल असती तर बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पांढरी म्हणजे आतपर्यंत.

एकवीस दिवस हॉस्पिटलात. ड्रेसिंगच्या वेळी बाजूच्या खाटेवरचा माणूस ओरडायचा आणि हे शांतपणे छताकडे बघायचे. नर्स म्हणायची, काका किती धीराचे. मी तिथेच उभी असायची. सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं नाही, यांच्यासमोरच सांगितलं. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, तेव्हा मात्र मनात शिव्या घातल्या.

"काका, हा पाय मी एकदा वाचवला. आणखी एकदा भाजला तर गुडघ्याखालून काढावा लागेल. मग माझ्याकडे दुसरं काही नसेल."

घरी आल्यावर यांनी खिशातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "विकून टाक." मग खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि बसले.

तसे ते दोन महिने बसले. भांडण नाही, रडणं नाही. मी ताट ठेवायची, ते चार घास खायचे, ताट सरकवायचे. रक्तातल्या साखरेची गोळी घेतली का विचारलं तर हो म्हणायचे आणि गोळ्या मला उशीखाली सापडायच्या. मुलगी कल्याणहून यायची, चार दिवस राहायची, जाताना माझ्या गळ्यात पडून रडायची. मी तिला सांगायची, होईल गं सगळं ठीक. माझ्या 'ठीक'ची किंमत मला एव्हाना कळली होती. या माणसाचा मी पाय वाचवला तरी माणूस जाणार होता आणि माणूस बाहेर काढला तर पाय जाणार होता, आणि हे सगळं मी स्वतःच्या हाताने, म्हणजे अगदी हातानेच, करून ठेवलं होतं.

मी गॅरेजवाल्यांकडे गेले. एक म्हणाला, मावशी, कंपनीने बसवलंय ते तसंच ठेवायचं, उद्या काही झालं तर माझ्यावर येईल. दुसऱ्याने गाडी महिनाभर ठेवून जा म्हणून सांगितलं आणि 'बघतो' म्हणाला. ते बघतो कसलं असतं ते मला कळतं. तिसऱ्याने तर सल्ला दिला की काकांना रिक्षाने फिरवा.

त्या दुपारी मी घरी आले, चपला काढल्या आणि यांच्या पाठीकडे बघून बोलले, "मी म्हणते, सायलेन्सर डाव्या बाजूला का नाही घेत?"

मी पुढे म्हटलं, "सरळ खालून आडवं न्यायचं."

भिंतीकडूनच आवाज आला. "खालून कसं नेशील? जास्तीच्या चाकांचा आडवा रॉड आहे तिथे."

"मग वरून."

"वरून? आणि मी बसू कुठे, सायलेन्सरवर?"

"मग रॉडला भोक पाडून त्यातून काढा पाईप."

तेव्हा खुर्ची फिरली. इतकं अडाणी बोलणं सत्तावीस वर्षांच्या फिटरला सहन होणं शक्य नव्हतं. म्हणाले, "खडू आण."

नंतर मी चाळीत सांगत फिरले की मी मुद्दाम वेड्यासारखं बोलले, त्यांना डिवचायला. खोटं. मला खरंच वाटलं होतं की रॉडला भोक पाडता येईल.

ओट्याच्या लादीवर त्यांनी गाडीचं पोट काढलं, खालून दिसतं तसं. इंजिनातून पाईप निघायचा तो लगेच डावीकडे वळवायचा, आडव्या रॉडच्या पुढून न्यायचा आणि डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने मागे सोडायचा. तीन वळणं. डावा पाय शाबूत होता, तो भाजला तर हे ओरडले असते. मला त्यांचं ओरडणं ऐकायची केवढी इच्छा होती.

गल्लीच्या तोंडाशी एक खिडक्यांच्या ग्रिली बनवणारा आहे. आमच्याच बाजूचा, मालवणकडचा, आणि कामापेक्षा गप्पा जास्त. त्याच्याकडे वेल्डिंग मशीन आणि गॅसची नळी होती. त्याला वाटलं मी खिडकी करायला आले. काय करायचंय ते ऐकल्यावर त्याने चष्मा कपाळावर चढवला, पण दुपारी हातगाडीवर मशीन टाकून आला. यांच्याकडून त्याने कधीकाळी काम शिकलेलं, तो उपकार त्याने तेव्हा बोलून दाखवला नाही, यांना 'मास्तर' म्हणाला एवढंच.

पाईप वाकवताना आतून चेपू नये म्हणून त्यात वाळू ठासून भरतात, तोंडाला बूच मारतात आणि मग तापवून वाकवतात. हे मला माहीत नव्हतं. हे म्हणाले, वाळू चाळून भाजून घे, जराही ओल राहिली तर तापल्यावर वाफेने बूच उडेल आणि कोणाच्या तरी तोंडावर बसेल. तर मी पिठाच्या चाळणीने वाळू चाळली आणि कढईत रव्यासारखी भाजली. शेजारीण डोकावून गेली. दुसऱ्या दिवशी चाळीत सगळीकडे झालं होतं की नवऱ्याच्या आजारपणात हिचं डोकं फिरलं, वाळूचा शिरा करते.

पहिले दोन पाईप फुकट गेले. एक चेपला, एक उलट्या बाजूला वळला, कारण मी धरून उभी होते आणि माझं डावं-उजवं खालून बघताना बदललं. दर वेळी मला वाटायचं, आता खुर्ची परत भिंतीकडे फिरणार. तिसऱ्यांदा ग्रिलवाल्याने पाईप लाल केला आणि यांनी स्टुलावर बसून स्वतःच्या हातांनी, पक्कड लावून, हळूहळू वाकवला. घाम नाकावरून गळत होता. तो मी पुसला नाही, हात हलेल म्हणून.

आता पाईपाच्या टोकाचा डबा; गाडीचा मूळचा डावीकडे मावेना. भंगारात जुनं सायलेन्सर मिळेना, मिळालं ते गंजलेलं. मी आतून लाडवाचा डबा आणला. स्टीलचा, उभा, माझ्या लग्नात मामीने दिलेला, बुडावर तिचं आणि माझं अशी दोघींची नावं कोरलेली. ग्रिलवाल्याने त्यावर नखाने टिचकी मारली.

"वैनी, हो डबो पातळ आसा. माझो वेल्डिंगचो रॉड लावलो तर भोक पडतला."

"मग बारीक रॉड लाव."

"आणि मामीचा नाव जळला तर?"

"मामी गेली. तिचं काही म्हणणं नाही."

स्टीलचा बारीक रॉड आणून त्याने ठिपके ठिपके देत डबा जोडला. मध्ये भोकं पाडलेला पाईप आणि त्याच्याभोवती आवाज मारायला काहीतरी भरायचं होतं. हे म्हणाले, तारेच्या घासण्या चालतील, भांडी घासायच्या. ते काम माझ्याकडे दिलं. एवढं एकच काम पूर्ण माझं होतं.

मी दोन डझन घासण्या आणल्या आणि भरायला बसले. डबा कसा भरायचा हे मला कोणी शिकवायला नको होतं. दर दिवाळीला मी गावी फराळ पाठवायचे. डबा भरला की वर हाताने दाबायचा, खाली बसलं की आणखी घालायचं, हलवला तर आवाज येता कामा नये. मी तशाच त्या घासण्या ठासल्या. वर लाटण्याने ठोकल्या. दोन डझन पुरल्या नाहीत, शेजारणीकडून चार आणल्या. झाकणावर वेल्डिंग मारून घेतलं आणि मला इतका अभिमान वाटला की विचारू नका.

गाडी चालू केली. आवाज शिलाई मशीनसारखा. ग्रिलवाल्याने मान डोलावली. हे बसले, गल्लीत दहा पावलं गेले, चढ लागला आणि गाडी धापा टाकून बंद. परत चालू केली, परत बंद. तिसऱ्यांदा तर चालूच होईना. हे चढाच्या मध्यावर हातातला ब्रेक दाबून बसलेले, मागे वळून न बघता. दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं. मी धावत गेले आणि मागून धरून ठेवली. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

हळूच म्हणाले, "आता नाही जमलं तर मी परत खडू मागणार नाही. तूही आणायचा नाहीस."

गाडी ढकलत ओट्यापर्यंत आणली. हे डब्याच्या तोंडाशी हात धरून होते, मग त्यांनी विचारलं, "आत किती भरलंस?"

"मावेल तेवढं."

"दाबून?"

"मग काय, सैल भरायचं?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. "इंजिनाला श्वास सोडायला जागा नको का गं? गावाला फराळ पाठवायचाय का?"

ग्रिलवाला तोंड फिरवून खोकायला लागला. मला हसू आलं नाही. एक तर हात भाजत नाहीत म्हणून पाय घालवला, आता डबा भरता येतो म्हणून गाडी घालवली. जे जे मला छान येत होतं ते ते या माणसाच्या मुळावर आलं होतं.

झाकण कापलं. निम्म्याहून जास्त घासण्या काढल्या, उरलेल्या सैल सोडल्या. आवाज वाढला, पण गाडी चढ चढून गेली, चालवणारा ग्रिलवाला होता. आता तापतं किती ते बघायचं राहिलं. मी हात पुढे केला.

"हात नको," हे म्हणाले. "तुझा हात मला माहीत आहे."

एवढंच. तीन महिन्यांत त्या गोष्टीवर ते पहिल्यांदा बोलले, आणि शेवटचं.

तेव्हा आम्ही असं केलं: गाडी ओट्यासमोर चालू ठेवली, मी त्यांच्या जागेवर बसले, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि उजवा पाय त्यांचा घसरतो तसा मागे सोडला, पोटरी उघडी. पोटरीने कधी भाकरी उलटलेली नाही. आख्ख्या गल्लीला माझे पाय दिसत होते आणि मी देवीसारखी बसून होते. हे समोर स्टुलावर. दर थोड्या वेळाने म्हणायचे, "सांग." मी सांगायची, काही नाही. आणि खरंच काही नव्हतं. पाईप तर आता डावीकडे होता.

वीसेक मिनिटांनी लागायला लागलं. इंजिनातून पाईप निघतो तो वळायच्या आधी चार बोटं उजव्याच अंगाला होता. तेवढा तुकडा कोणाला हलवता आला नसता. आधी ऊब, मग चुरचुर, मग पाय आपोआप दूर व्हायला बघू लागला.

"सांग," हे म्हणाले.

त्यांनी दाढी करून घेतली नव्हती, डोळे आत गेलेले, आणि त्या डोळ्यांत इतक्या महिन्यांनी काहीतरी होतं. 'काही नाही' म्हटलं असतं तर ते त्या संध्याकाळी बाहेर गेले असते. कदाचित पाय तिथे टेकला नसताही. मी माझ्याशी हिशेब केला, की काय करू, ते किती मिनिटं चाललं मला माहीत नाही, बहुतेक दोनच श्वास.

"भाजतंय," मी म्हटलं.

इंजिन चालू होतं. मला वाटलं, संपलं. मग हे म्हणाले, "नेमकं कुठे? बोट ठेव. लावू नको, नुसतं दाखव."

त्या चार बोटांवर दुसऱ्या दिवशी पत्र्याची ढाल बसवली. पाईपाला न टेकणारी, मध्ये दोन बोटं मोकळी हवा. मागच्या वेळी मी पत्रा आवळून बांधला होता, म्हणून तो पाईपाइतकाच तापला होता, हे तेव्हा कुठे कळलं. परत साडी खोचून बसले. पाऊण तास. काही नाही. आणखी पाऊण तास बसवलं मला. ग्रिलवाल्याने गाडी मुलुंडपर्यंत नेऊन आणली आणि परत बसवलं. काही नाही, काही नाही, काही नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, या वयात धीर धरवत नाही. आमचे हे चार वर्षांपूर्वी गेले, छातीच्या दुखण्याने गेले, आणि दोन्ही पाय घेऊन गेले. पण त्या दिवशी ते मला कुठे माहीत होतं.

त्या दिवशी ते एकटे निघाले. मी म्हटलं, दहा मिनिटांत या, पाय बघायचाय. हो म्हणाले. अर्धा तास झाला. तास झाला. फोन घरातच वाजत होता, चार्जिंगला. दीड तास झाल्यावर मी तशीच निघाले, दार उघडं टाकून, चढ उतरून मेन रोडला. कचऱ्याच्या डंपिंगकडून वारा होता, सगळे नाकाला रुमाल लावून चाललेले, आणि मी प्रत्येक उभ्या स्कूटरकडे बघत. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, तो मोजा.

गाडी केस कापायच्या दुकानाबाहेर उभी होती. आत हे खुर्चीत मान मागे टाकून, तोंडभर फेस. मी आत गेले, कोणाला काही न विचारता खाली बसले, पायजमा वर सारला, मोजा उतरवला. न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. घोटा बघितला, पोटरी बघितली, मागून बघितली, जुन्या वणाच्या कडा बघितल्या, मग उजेडाकडे वळवून पुन्हा बघितली.

फेसातून आवाज आला. "झालं? दुसऱ्या बाजूने बघ."

दुसऱ्या बाजूने बघितलं. काही नव्हतं. मी मोजा हातात तसाच धरला. मग तिथेच, जिथे रांगेतले पुरुष बसतात, त्या बाकावर बसले.

"हिला पाणी दे रे जरा," हे न्हाव्याला म्हणाले, "आणि ही बाजू राहिलीय, ती घे."